मे महिन्यातला हीटर

मलकापूरच्या मालधक्क्यावर उन्हाळ्यात ट्रक भरायला उभे असले की ड्रायव्हर लोक आपापल्या गाडीखाली सावली धरून पडलेले असत. अशा दिवसांत केबिनमधला हीटर चालू करून गाडी हाकणारा त्या धक्क्यावर एकच माणूस होता, उंद्रीचा जानराव. नवख्यांना हे खोटं वाटे. जुने लोक मुद्दाम त्यांना पुढे करत. "जा, विचार त्याले, काऊन हीटर लावतो म्हणा." आणि स्वतः दोन पावलं मागे सरकत. जानराव उत्तर द्यायचा, बरोबरच द्यायचा, पण विचारणाऱ्याच्या अकलेपासून सुरुवात करून.

उत्तर सोपं होतं. ट्रक लढाईच्या वेळचा होता, लांब नाकाचा, डाव्या हाताच्या स्टेअरिंगचा, लष्कराच्या लिलावातून इकडे आलेला. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखासाठी तो बांधला असावा. केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या उजव्या पायाजवळ, पत्र्याची एक पेटी होती. इंजिनातलं गरम पाणी रबरी नळ्यांतून तिच्यात येई आणि तिच्या पाठीला बसवलेली छोटी मोटर पंखा फिरवून ती ऊब केबिनमध्ये सोडी. वऱ्हाडात ही पेटी कोणाच्या कामाची? अशा गाड्या ज्यांनी घेतल्या त्यांनी ती पहिल्याच वर्षी भंगारात काढली.

जानरावने ठेवली. रेडिएटर म्हातारा झाला होता आणि मलकापूरहून बुलढाण्याला माल न्यायचा तर राजूरचा घाट चढावा लागे. भरल्या गाडीला तिसऱ्या वळणापासून उकळी फुटायची. एकदा वैतागून त्याने हीटर चालू केला, तर तापमानाचा काटा लाल खुणेवरून हळूहळू खाली आला. इंजिनाची आग केबिनमध्ये ओढून घेतली की इंजिन थंड राहतं, हे तेव्हापासून त्याला पक्कं कळलं. ती आग तो अंगावर घ्यायचा. उजव्या नडगीवर केस उरले नव्हते आणि कातडी भाजल्या वांग्यासारखी झाली होती. या पायाबद्दल कोणी कळवळा दाखवला तरी तो चिडायचा.

गाडीचे मालक उत्तमराव साखरखेर्ड्याचे. जमीन मोठी, भाजीपाल्याचे मळे, खाली जाताना कोबी-मिरची, वर येताना खत किंवा सिमेंट. गाडीवर तिसरा माणूस इंद्रभान, क्लीनर. वय चाळिशीचं, बोलणं कमी, शनिवारचा उपास कडक. होळीच्या सुमाराला त्याने ड्रायव्हिंगचं लायसन काढलं होतं. ते तो खिशात घडी करून ठेवायचा आणि कोणाला दाखवायचा नाही.

आणखी एक होता त्या केबिनमध्ये, मारुती. हीटरच्या पेटीशेजारी पुढच्या पत्र्यावर एक जाड, गोल डोक्याचा बोल्ट होता. काही वर्षांपूर्वी घाट उतरताना ब्रेक गेले, गाडी कड्याच्या काठावर एका खडकाला अडली आणि बाजूला बसलेल्या उत्तमरावांचं कपाळ नेमकं त्या बोल्टावर आपटलं. जीव वाचला. पुढच्याच शनिवारी त्यांनी स्वतःच्या हाताने त्या बोल्टाला शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि इंद्रभानला सांगितलं की आजपासून हे काम तुझं. दर शनिवारी तेलात कालवलेल्या शेंदराचा एक थर चढत गेला. बोल्टाचं लिंबू झालं, लिंबाचं कवठ व्हायला आलं. समोर डोळे लावले होते. जानरावने त्याला कधी हात लावला नव्हता. लावायचं कारणही पडलं नव्हतं.

सदुसष्ट सालच्या मे महिन्यात खताची पोती भरून गाडी घाटाला लागली. हीटरचा पंखा त्या दिवशी सुरुवातीपासूनच कण्हत होता. अर्ध्या घाटात नडगीवरची झळ अचानक थांबली. दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. जानरावने आधी काट्याकडे पाहिलं. पंखा बंद पडला होता. चढावर भरली गाडी थांबवावी तर हँडब्रेक तिला धरत नसे. पुढच्या वळणावर रुंद जागा होती, तिथवर न्यायलाच हवी होती. नेली. काटा लालच्या पार गेलेला तो पाहत होता. रुंद जागेवर पोचता पोचता बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. हेड गॅस्केट जळलं होतं; इंजिन उघडल्याशिवाय गाडी आता हलणार नव्हती.

पोती दुसऱ्या गाडीत भरली, ट्रक ओढून मलकापूरला आणला. उत्तमराव सकाळच्या एसटीने आले. धक्क्यावर तेव्हा हमाल होते, ड्रायव्हर होते, चहावाला होता. उत्तमरावांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"डोळे झाकून चालवते हा. काटा पाह्यला असता तं गाडी मेली नसती. उद्यापासून हा माह्या गाडीवर नाही."

"पंखा बंद पडला मालक," जानराव म्हणाला.

"मे महिन्यात पंखा हीटरचा. लोकाईले सांगू नको बाप्पा, हसतील."

लोक हसले. जानराव वीस वर्षं गाड्या चालवत होता. त्याला रागीट म्हणा, तोंडाळ म्हणा, त्याने ऐकून घेतलं असतं. काटा पाहत नाही, हे त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आणि धक्क्यावर उठलेला शब्द जिल्हाभर जातो. त्यानंतर दुसरा मालक गाडी देत नाही.

"जातो," तो म्हणाला. "पण पंखा काऊन बंद पडला ते तुम्हाले दाखवल्याबिगर जात नाही."

मिस्त्री इंजिन उघडून बसला आणि जानराव पेटीपुढे आडवा झाला. होल्डरमध्ये एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एवढंच त्याचं हत्यार. फ्यूज शाबूत होता. स्विच चालू केला, बल्बची एक वायर मोटरच्या वायरीला लावली, दुसरी स्टेअरिंगच्या दांड्याला टेकवली. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे करंट मोटरपर्यंत येत होता. मग मोटर गेली असणार. त्याने ती सोडवून बाहेर काढली, गोणपाटावर ठेवली आणि सरळ बॅटरीला जोडली. मोटर अशी फिरली की गोणपाटावरची धूळ मिस्त्रीच्या तोंडावर गेली.

परत बसवली. हूं की चूं नाही.

पुन्हा काढली, बाहेर फिरली. पुन्हा बसवली, मेली.

रंगराव नावाचा एक ड्रायव्हर शेजारच्या गाडीखाली पडून हे पाहत होता. त्याला दुसरा उद्योग नव्हता. "जानराव, हीटरले ऊन लागलं असंन. कांदा फोडून नाकाले लाव त्याच्या."

"तुह्या नाकाले लावतो, ये इकडे."

"माह्यं नाक चालू आहे ना भाऊ. तुह्या मोटरीचं बंद आहे."

जानरावने पाना फेकला. तो रंगरावच्या गाडीच्या चाकाला लागून टणकन उडाला. रंगराव तसूभर हलला नाही. उत्तमराव चहावाल्याच्या बाकावर बसून सगळं पाहत होते आणि त्यांच्या पाहण्यानेच जानरावचं डोकं अधिक तापत होतं. करंट येतो, मोटर चांगली आहे, तरी फिरत नाही. बाहेर फिरते आणि आत मरते. यंत्र असं वागत नाही. असं माणूस वागतो.

माणूस म्हटल्यावर त्याला शनिवार आठवला. शनिवारी सकाळी इंद्रभान याच पेटीपाशी डोकं खाली घालून बराच वेळ बसला होता. आणि इंद्रभानच्या खिशात लायसन होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी शोधायची गरज जानरावला वाटली नाही. त्याने मान बाहेर काढून हाक मारली.

"इंद्रभान, इकडे ये बे. शनिवारी इथं काय करत होता तू?"

"शेंदूर लावत होतो उस्ताद. दर शनिवारी लावतो."

"शेंदूर लावता लावता वायर ढिली केली. खरं का खोटं?"

इंद्रभानला आधी समजलंच नाही. समजल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं. हमालांनी पोती खाली ठेवली होती.

"म्या काऊन करीन उस्ताद असं?"

"लायसन काढलं ना. माही जागा पाह्यजे तुले. गाडी जळली तं जळली, जानराव उतरला पाह्यजे. सांग ना सगळ्याईले."

"उस्ताद, पोटात अन्न आहे तुमच्या हातचं."

"म्हणून तं इचारून राह्यलो. नाही तं मारलं असतं."

बाकावरून उत्तमराव म्हणाले, "आता गरिबावर ढकल." हे जानरावने ऐकलं. त्याने ते न ऐकल्यासारखं केलं आणि इंद्रभानकडेच पाहत राहिला.

इंद्रभानने चपला काढल्या, फुटबोर्डवर चढला, केबिनमध्ये वाकला आणि उजव्या हाताचा तळवा मारुतीवर दाबून धरला.

"याच्यावर हात ठेवून सांगतो, म्या वायरीले हात लावला असंन तं..."

शपथ पुरी व्हायच्या आधी पंखा खोकला. पात्यांनी एक घेर घेतला, दुसरा घेतला. इंद्रभानने घाबरून हात काढला आणि पंखा थांबला.

धक्क्यावरचे लोक गाडीजवळ सरकले. मग एका हमालाने डोक्याचं फडकं काढून हात जोडले. दुसऱ्याने जोडले. चहावाला किटली तशीच हातात घेऊन उभा राहिला. "मारुतीनं साक्ष देली," कोणी तरी म्हणालं आणि एवढं म्हटल्यावर सगळ्यांना ते आधीच माहीत असल्यासारखं झालं. उत्तमराव उठून गाडीपाशी आले. त्यांनीही हात जोडले, आणि मग जानरावकडे वळले.

"झालं समाधान? इंद्रभान खरा ठरला. आता खोटा कोण ते सांगायले देवानं खाली उतरावं काय?"

स्विच चालूच राहिला होता, एवढंच जानरावच्या ध्यानात होतं. मघाशी बल्ब लावताना दाबला तो तसाच. म्हणजे करंट मोटरच्या दारात उभाच होता, आणि हात बोल्टावर दाबला तेव्हा त्याला वाट मिळाली. तो वाकला. मोटरच्या अंगावरून एक काळी, जाड वायर निघून पत्र्यालगत जात होती. इतकी वर्षं तो तिला पाहत होता, आज मोटर काढताना तिचं टोक सोडलंही होतं, पण ती कुठे जाते याचा विचार त्याने केला नव्हता. ती शेंदरात शिरत होती.

त्याला एकदम सगळं दिसलं आणि त्यामुळे राग उतरायच्या ऐवजी वाढला. वायरीने आलेला करंट मोटर फिरवून गाडीच्या पत्र्यातून बॅटरीला परत जातो. परतीची वाट त्या बोल्टावरून होती. वायरीच्या टोकाची चकती बोल्टाखाली दाबलेली होती. हीटर लागला की गरम झळ शेजारच्या मारुतीवर जाई, तेल पातळ होई, शेंदूर झिरपत झिरपत चकतीखाली उतरे आणि थंड झाला की रंगासारखा घट्ट बसे. दर शनिवारी नवा थर, दर घाटात नवी झिरप. शेवटी लोखंड लोखंडाला लागेनासं झालं. बल्ब पेटत होता, कारण बल्बची वायर तो स्टेअरिंगच्या दांड्याला टेकवत होता, बोल्टाला नाही. मोटर बाहेर फिरत होती, कारण बाहेर तिला बोल्ट लागतच नव्हता.

त्याने अंगठा मारुतीच्या डोक्यावर ठेवून दाबला. पंखा फिरला. सोडला, थांबला.

"पाहा मालक. माह्या हातानंही साक्ष देते. आता मी खरा का खोटा?"

हमालांत चुळबुळ झाली.

"बोल्ट आहे हा. याच्याखाली शेंदूर गेला, म्हणून पंखा मेला, म्हणून गाडी उकळली. पाना द्या, खोलून दाखवतो."

"हात लावू नको," उत्तमराव म्हणाले.

"खरडल्याबिगर दिसन कसं?"

"जानराव, ज्यानं माहा जीव वाचवला त्याले तू पान्यानं खोलणार? माह्या गाडीत? उतर खाली."

जानराव उतरला नाही. त्याने मिस्त्रीच्या पेटीतून वायरीचा एक तुकडा घेतला, दोन्ही टोकं दातांनी सोलली, एक टोक मोटरच्या अंगाला बांधलं. स्टेअरिंगच्या पट्टीचा एक नट ढिला करून त्याखालचा पत्रा लख्ख होईपर्यंत घासला, दुसरं टोक त्याखाली घालून नट आवळला. मारुतीला कोणी शिवलं नाही. पंखा जो फिरला तो इंजिन बंद असल्याने धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

"पाह्यलं ना," उत्तमराव लोकांकडे वळून म्हणाले. "त्यानंच मार्ग दाखवला."

गाडीखालून रंगरावने विचारलं, "मार्ग त्यानं दाखवला उत्तमराव, तं पंखा बंद कोणं पाडला होता?"

उत्तमरावांनी उपरणं झटकलं. "गाडीवर तूच राह्य," ते जानरावला म्हणाले, जसं काही एवढाच प्रश्न होता. "सकाळी माल भरून निघ."

"तुम्हीही चला मालक. केबिनीत बसा. काटा पाहतो का नाही ते पाहा."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता येण्याजोगं ते नव्हतं. मिस्त्रीने रात्रीत नवं गॅस्केट बसवलं आणि दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी खत भरलेली गाडी घाटाला लागली. इंद्रभान मागे पोत्यांवर बसला. पुढे जागा होती तरी. चढ सुरू झाला तसा जानरावने हीटर लावला.

पहिल्या वळणाला उत्तमरावांनी टोपी काढली, दुसऱ्याला उपरणं. सदरा पाठीला चिकटला. बाहेरून येणारा वारा भट्टीचा आणि आतून येणारा त्याच्याहून वाईट. मारुतीचा शेंदूर मऊ पडून एक ओघळ पत्र्यावरून खाली उतरू लागला. उत्तमरावांनी तो पाहिला. ओघळ कुठे चालला आहे तेही पाहिलं.

"बंद कर आता," ते म्हणाले.

"काटा पाहून राह्यलो, मालक."

"जानराव, जीव जाईन माहा."

"माहा नाही गेला इतक्या वर्षांत."

गाडी जिथे मेली होती त्या रुंद जागेवर त्याने ती थांबवली. इंजिन चालू, हीटर चालू. काटा लालच्या बराच खाली होता. त्याने त्यावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी इथं उभा होतो मी. डोळे झाकले होते काय म्या?"

उत्तमरावांनी घाम पुसला. "नव्हते."

"हे मले माहीत आहे. धक्क्यावर सांगा."

मग त्याने गाडी बुलढाण्याकडे काढली. पुढच्या खेपेला उत्तमराव काही काम काढून मलकापूरला आले. चहावाल्याच्या बाकापाशी उभं राहून, रेडिएटरकडे पाहत ते म्हणाले की जानरावची चूक नव्हती.

"रंगरावले ऐकू नाही आलं," जानराव म्हणाला.

उत्तमरावांनी ते पुन्हा सांगितलं, मोठ्याने, आणि कोणाचा निरोप न घेता एसटी स्टँडाकडे चालते झाले. जानराव आठवडाभर जे मागत होता ते त्याला मिळालं होतं. त्याने बिडी काढली.

"अन् इंद्रभानचं?" रंगरावने गाडीखालून विचारलं.

इंद्रभान टायरला हवा मारत होता. त्याने वर पाहिलं नाही. जानरावने त्याला केबिनमध्ये एकदा सांगून टाकलं होतं, झालं ते झालं, मनात ठेवू नको. तिथे दोघांशिवाय कोणी नव्हतं. रंगरावला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण जानरावला होतं. तो उठला. रागातच बोलला, भांडायला उभा राहिल्यासारखा.

"इंद्रभाननं वायरीले हात लावला नव्हता. म्या त्याच्यावर खोटा आळ घेतला. आयकलं का सगळ्याईनं?"

ऐकलं. हमालांनी पोती उचलली. रंगराव कुशीवर वळला.

जानराव खाली बसला. "इंद्रभान, पाणी आण रे."

"आणतो, जानरावभाऊ," इंद्रभान म्हणाला आणि घागरीकडे गेला.

दहा वर्षं तो उस्ताद म्हणत आला होता. आजही त्याने पाणी आणलं, तांब्या घासून भरून आणला, आणि पुढेही त्या गाडीवर तो दर शनिवारी शेंदूर लावत राहिला. पण उस्ताद हा शब्द त्याच्या तोंडून परत आला नाही. जानरावने तांब्या रिकामा केला. त्याला राग आला होता, नेहमीसारखाच, कानशिलं तापवणारा. फक्त या वेळी तो कोणावर काढावा ते त्याला सापडेना.